मुंबय जवळ इली, पण...

आजीच्या खळ्यातून पलीकडचं गाव दिसतं. मधे वाघोटणची खाडी. आमचा काठ देवगड तालुक्यात, समोरचा राजापूर तालुक्यात. समोरच्या गावात आजीची धाकटी बहीण दिलेली. १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि दोघी बहिणी दोन जिल्ह्यांत गेल्या. त्याने काही बिघडलं नाही. खाडीत होडी चालू होती.

गेल्या मे महिन्यात मावशीआजी आजारी असल्याचा फोन आला. मी रात्री कोकणकन्येत बसलो, सकाळी कणकवलीला उतरलो आणि दुपारच्या जेवणाला घरी होतो. आजीने पान वाढलं आणि म्हणाली, "मुंबय जवळ इली रे बाबू, पण भयण लांब गेली."

मी डिलिव्हरी ॲपसाठी रस्ते शोधणारा कोड लिहितो. दोन ठिकाणांमधलं अंतर काढणं हे माझं रोजचं काम. तरी हे वाक्य समजायला मला वेळ लागला.

आजी लग्नानंतर पहिल्यांदा मुंबईला गेली ती बोटीने. विजयदुर्गाला बोट आत खोल पाण्यात थांबायची, पडावातून तिच्यापर्यंत जायचं, शिडी चढायची आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचं. पावसाळ्यात बोटी बंद. म्हणजे चार महिने मुंबई नाहीच. पण त्या काळात जग बंदरांभोवती होतं. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही येण्याजाण्याची ठिकाणं होती आणि आमचं गाव त्या वाटेवर होतं.

बाबा एसटीने आले-गेले. कशेडी घाटात उलट्या, रात्रभर खिडकीला डोकं. वाहतूक समुद्रावरून महामार्गावर सरकली तशी बंदरं मागे पडली. महामार्गावरची गावं वाढली.

मी रेल्वेचा. १९९८ मध्ये रोहा ते मंगळुरूजवळचं ठोकूर हा कोकण रेल्वेचा सगळा मार्ग सुरू झाला, तेव्हा मी रांगत होतो. इंजिनिअरिंगला असताना मी या मार्गाबद्दल भक्तिभावाने वाचलं होतं. ताशी १६० किलोमीटर वेगासाठी आखणी, चढ १५० ला १ पेक्षा जास्त नाही, वळणं मोठ्या त्रिज्येची. असे नियम पाळायचे तर सह्याद्रीच्या सोंडा बोगद्यांनी फोडाव्या लागतात, नद्यांवर उंच पूल घालावे लागतात. आणि आणखी एक गोष्ट होते, जी तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. अशी रेषा प्रत्येक खाडीच्या तोंडाशी असलेल्या गावाकडे वळू शकत नाही. देवगड, मालवण, वेंगुर्ला या तिन्ही बंदरांच्या गावांत आजही कोकण रेल्वेचं स्टेशन नाही.

यात कुणाची चूक नाही. रेल्वे बंदरांना चिकटून नेली असती तर ती कदाचित झालीच नसती. आणि मला रेल्वे हवीच आहे. पण प्रत्येक नवा मार्ग काही गावांना जवळ आणतो आणि तेव्हाच काहींना लांब करतो. लोक नव्या वाटेने जायला लागले की जुन्या वाटेवर गिऱ्हाईक उरत नाही. आमची होडी तशीच गेली. कुणी बंद केली नाही. पोरं मोटरसायकलवर फिरू लागली, होडीवाला म्हातारा झाला, त्याचा मुलगा मुंबईत नोकरीला लागला. तोही रेल्वेनेच गेला असणार.

जेवण झाल्यावर मी फोन काढला. दोन घरांमध्ये सरळ रेषेत जेमतेम दीड किलोमीटर. रस्त्याने पन्नासच्या वर. आजीचे गुडघे गेलेत. तिला दोन गाड्या बदलत एवढा वळसा घालणं जमत नाही, म्हणून दोन वर्षं ती गेली नव्हती. रोज संध्याकाळी समोरचे दिवे बघत होती.

आमच्या भाषेत सांगायचं तर नकाशा म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. जी रेष नकाशात भरलेली नाही, ती माझा कोड कधीच सुचवणार नाही. तो सर्वात जवळचा रस्ता शोधतो, पण असलेल्या रस्त्यांतलाच. कुठली रेष काढायची आणि कुठली पुसली गेली तरी चालेल, हे आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं.

शेवटी शेजारचा दादा मासेमारीची होडी घेऊन आला. भरतीला निघालो. आजीला दोघांनी उचलून बसवलं. पंधरा मिनिटांत पलीकडे.

मावशीआजी खाटेवर होती. दोघी फार बोलल्या नाहीत. आजीने तिच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली. मग दादाने बाहेरून हाक मारली, "काकी, व्होकटी लागतली हां." आम्ही निघालो.

ऑगस्टमध्ये मावशीआजी गेली. पावसात खाडी खवळलेली होती. आजीला जाता आलं नाही. मीही मुंबईहून वेळेत पोचलो नाही.

माझ्या फोनमध्ये मे महिन्यातल्या त्या दिवसाची नोंद अजून आहे. पाण्यावरून गेलेली एक सरळ निळी रेष, आणि खाली प्रश्न : तुम्ही गाडीने गेलात का? मी अजून उत्तर दिलेलं नाही. पर्यायांत होडी नाही.