फाशांनी दिलेला देह

पुनर्जन्म म्हटला की आपण आधी पाप-पुण्याची खातेवही उघडतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या बैठ्या कथाखेळात मात्र तो फासे ठरवतात. पात्र मेले की दहा दिवसांच्या आत मंत्र म्हणायचा, हजार सुवर्णमुद्रांची दुर्मीळ तेले-उटणी खर्चायची आणि पडेल तो देह घ्यायचा. २०१४च्या नियमपुस्तकात खुजे, एल्फ, माणूस असे देह मिळतात. १९७८च्या पुस्तकात तर अस्वल किंवा रानडुक्करही होता येई! मागचे मात्र सारे आठवते. आपल्याकडे नेमके उलटे: कर्म सोबत येते, आठवण पुसली जाते.

सुटीत माझ्या लेकीची धनुर्धारी नायिका अशीच परतली, ती जेमतेम कमरेइतकी होऊन. लांब धनुष्य झेपेना. त्याचे तिला काही वाटले नाही, पण भावंडे नव्या देहाला नवे नाव शोधू लागली, तशी ती उसळली, “बाबा, तिला सगळं आठवतंय, मग नाव का बदलायचं?”

एकाच मुलाचे नाव मराठीत आणि कानडीत लिहिण्यात माझी नोकरी गेली. मी काय सांगणार?

खेळ तासभर अडला. अखेर नाव जुनेच राहिले. धनुष्य तेवढे आखूड घेतले.