रुमालाखालचा भाव

देवणीच्या जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलला जात नसे. घेणारा आणि विकणारा अशा दोघांचे हात एका रुमालाखाली जात आणि मग बोटे बोलू लागत. एक बोट धरले तर ते शंभर की हजार, हे जनावराकडे बघून समजून घ्यायचे. आम्ही भावंडे अब्बांच्या मागे उभे राहून रुमालाच्या हालचालीवरून आकडा ओळखण्याची पैज लावत असू. आमचा अंदाज बहुतेक वेळा चुकायचा.

अब्बा हेडी होते. बैलांच्या जोड्या घ्यायच्या, चार दिवस दावणीला बांधून खाऊ-पिऊ घालायचे, विकायच्या. रुमालाखाली जायचा तो फक्त आकडा. बैलाचा ऐब अब्बांनी कधी रुमालाखाली घातला नाही. तो ते चारचौघांत, मोठ्याने सांगत. "पाटील, यातला उजवीकडचा चिखलात बसतो. मागून म्हणू नका, चाचांनी सांगितलं नाही." आम्हाला त्या वेळी हा वेडेपणा वाटे. ऐब सांगितला की बोटे दोन कमी व्हायची. घरी आल्यावर अम्मी चिडायची, "तुमारेच मुँह से नुकसान." अब्बा तिला ती हदीस ऐकवत, जिच्यात रसूलुल्लाह बाजारात धान्याच्या राशीत हात घालतात आणि वरचे धान्य कोरडे, आतले ओले निघते. ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असा त्या व्यापाऱ्याला सवाल होतो. अब्बांचे अर्थशास्त्र या एका राशीपुरतेच होते, पण ते त्यांना पुरले.

पुढे आमच्यापैकी काहीजण उदगीरला, लातूरला शिकायला गेलो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणी होती, पुरवठा होता, दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे किंमत होती. ऐब कुठेच नव्हता. तो कोणी सांगायचा, न सांगितला तर काय, हे त्या रेषांना विचारता येत नव्हते. मग हळूहळू कळले की प्रत्येक बाजाराच्या तळाशी माणसांनी आधीच ठरवलेले काहीतरी असते. न्याय्य काय, लाजिरवाणे काय, कशाला किंमत लावायची आणि कशाला लावायची नाही. हिशेब त्यानंतर सुरू होतो.

व्याजाचेच बघा. शेतकऱ्याकडे पेरणीच्या तोंडावर रोख पैसा नसतो. तो सुगीच्या बोलीवर बैल मागे. अब्बांचा रोखीचा भाव वेगळा आणि सुगीचा भाव वेगळा असे. हे सूद नव्हे काय, असे आम्ही मोठे झाल्यावर त्यांना विचारले. त्यांनी हा सवाल मौलवीसाहेबांना फार पूर्वीच विचारून घेतला होता. भाव सौद्याच्या वेळीच एकदा ठरवायचा, आणि सुगी बुडाली, पैसा लांबला, तरी त्यावर एक रुपया चढवायचा नाही, ही अट. सावकारात आणि अब्बांत फरक एवढाच होता, पण पावसाने दगा दिलेल्या वर्षी तो शेतकऱ्याला चांगला कळे. ज्या हैदराबाद संस्थानात १९५६ पूर्वी आमचा भाग बीदर जिल्ह्यात मोडत होता, तिथल्या उस्मानिया विद्यापीठात अन्वर इक्बाल कुरेशी आणि मौलाना मनाझिर अहसन गिलानी यांनी १९४० च्या दशकात याच प्रश्नावर ग्रंथ लिहिले. अब्बांना त्यांची नावेही ठाऊक नव्हती.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती म्हाताऱ्या बैलाची आहे.

आमचे गाव नकाशावर लहान, पण गुरांच्या जगात मोठे. देवणी जातीचा बैल कामाला चिवट आणि गाय दुधाला बरी. वानेरा, बालंक्या आणि शेवेरा असे तिचे तीन प्रकार. बालंक्या अंगभर पांढरा, वानेऱ्याचे तोंड काळसर, शेवेऱ्याच्या अंगावर काळे ठिपके. गीर आणि डांगी या जातींचा इथल्या गावठी गुरांशी संकर होत, पिढ्यान्‌पिढ्या निवड होत ही जात घडली. निवड म्हणजे काय? चांगले ठेवणे आणि बाकीचे पुढे पाठवणे. शेतकरी खोंड घेताना त्याचे दात बघायचा, खूर बघायचा, आणि त्याच वेळी मनात त्याच्या शेवटाचाही हिशेब धरायचा. आठ-दहा वर्षे काम करील, मग थकेल, थकल्यावर त्याचे जे येतील त्यात थोडी भर घालून नवा खोंड घेऊ. त्या जुन्या बैलाचे पैसे हा त्याचा विमा होता. तो बैल आमच्या शेजारचे कुरेशी घेत. विकताना शेतकरी बैलाच्या कपाळाला हात लावायचा, कधी रडायचाही, आणि पैसे मोजून घ्यायचा. दोन्ही खरे होते. त्यात ढोंग आम्हाला कधी दिसले नाही.

या व्यवहाराविषयी देशाने काय ठरवले, त्याचा इतिहास वाचताना आम्हाला सारखा अब्बांचा रुमाल आठवतो. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत पंडित ठाकुरदास भार्गव यांनी गोवंशरक्षणाची दुरुस्ती मांडली. आज अनुच्छेद ४८ मध्ये जे आहे ते बहुतांशी तेच. वाचायला सुरुवात केली तर शेती आणि पशुसंवर्धन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने संघटित करण्याची भाषा. श्रद्धेचा शब्दही नाही. त्या दिवशी संयुक्त प्रांताचे झेड. एच. लारी आणि आसामचे सर सय्यद मुहम्मद सादुल्ला उठले. दोघांचे म्हणणे थोडक्यात असे की, बहुसंख्यांची ही धार्मिक भावना असेल तर तसे उघड सांगा, आम्ही आड येणार नाही. पण तिला अर्थशास्त्राचा पोशाख चढवू नका, कारण अर्थशास्त्र म्हणून हे आम्हाला पटत नाही. अब्बांच्या भाषेत सांगायचे तर, ऐब मोठ्याने सांगा, मग भाव करू. लारी पुढे पाकिस्तानात गेले, हे नमूद केले पाहिजे. सादुल्ला इथेच राहिले. त्यांचा तो प्रश्नही इथेच राहिला.

शास्त्रीय म्हटले की हिशेब आला, आणि हिशेब कसाही फिरवता येतो. १९५८ मध्ये मोहम्मद हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गायीच्या कत्तलीवरील पूर्ण बंदी मान्य केली, पण निरुपयोगी झालेल्या बैलावरही बंदी घालणे अवाजवी ठरवले. कामाच्या जनावरांच्या तोंडचा चारा ती खातात, हा विचार त्यामागे होता. २००५ मध्ये, गुजरातच्या खटल्यात, सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक मतांनी तो निकाल फिरवला. बैल कधी निरुपयोगी होतच नाही, तो शेण-मूत्र देतो, असा आता हिशेब झाला. सत्तेचाळीस वर्षांत बैल बदलला नव्हता. त्याचा भाव लावणारे बदलले होते.

आमच्या मराठी अर्थशास्त्रज्ञांनी यावर लिहिले नाही असे नाही. मराठवाड्याचा अनुशेष मोजणाऱ्या समितीचे अध्यक्ष म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या वि. म. दांडेकरांनी १९६० च्या दशकात गुरांच्या संख्येचा प्रश्न हाती घेतला होता. भारतातला गोवंश हा कसा शहाणपणाचा हिशेब आहे, असे अमेरिकेचे मार्विन हॅरिस मांडत होते. दांडेकरांनी ते खोडून काढले. निकामी गुरे कमी केली नाहीत तर कामाची गुरे उपाशी राहतील, हा त्यांचा मुद्दा होता. आणि महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये गोऱ्या फौजेसाठी होणाऱ्या गाय-बैलांच्या कत्तलीला विरोध केला होता, हेही आम्ही लपवत नाही. पण ते शेतकऱ्याच्या गोठ्यात उभे राहून बोलत होते. त्यांनी त्याच दमात गुरांची चराऊ रानेही परत मागितली होती.

महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती. बैलाला दाखला मिळे. ४ मार्च २०१५ पासून तोही बंद झाला. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. माणसांना पाणी रेल्वेने येते तिथे बैलाला काय मिळणार? शेतकरी बैल घेऊन बाजारात येत आणि संध्याकाळी तसेच परत नेत. अब्बांच्या दारात ओळखीचे लोक यायचे. "चाचा, काहीही द्या, पण न्या." अब्बांनी आयुष्यात पहिल्यांदा रुमाल पुढे केला नाही.

सगळा दोष कायद्यावर टाकणे हाही एक ऐब लपवणेच होईल. ट्रॅक्टर आला, सोयाबीन आले आणि ज्वारीबरोबर कडबा गेला, दुष्काळ आले. एका गाडीत सहाच्या जागी बारा जनावरे कोंबणारे आमच्यातही होते, आणि मोहल्ल्याने त्यांना कधी जाब विचारला नाही. पण ज्या वस्तूला शेवटी भाव नाही, ती सुरुवातीला कोण विकत घेईल? २०१९ च्या पशुगणनेत राज्यातल्या देशी गायी ४६ लाखांवर आल्या, आधीच्या गणनेपेक्षा वीस टक्क्यांहून अधिक कमी. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सरकारने देशी गायीला राज्यमाता म्हटले आणि गोशाळेतल्या देशी गायीमागे रोज पन्नास रुपये मंजूर केले. शेतकऱ्याच्या दावणीच्या थकल्या बैलाला त्यात जागा नाही. दुसरीकडे बिनव्याजी बँकेची मागणी रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बाजूला ठेवली. कारण काय, तर सर्वांना समान बँकसेवा उपलब्ध आहेच. एक श्रद्धा शास्त्र म्हणून आत येते, दुसरी श्रद्धा म्हणूनही दाराबाहेर राहते. आम्हाला पहिलीचा राग नाही. तिने आपले नाव सांगावे, एवढेच.

२०२५ च्या जुलैपासून राज्यातल्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी बंद ठेवली. म्हशीची गाडीसुद्धा रस्त्यात अडवतात, मारतात, जनावरे ओढून नेतात, तर धंदाच नको, असे ठरले. बाजार ओस पडले. तेव्हा तक्रार घेऊन पुढे आले ते शेतकरी. कोणाचे पोट कोणाच्या पोटाला बांधले आहे, हे त्या काही आठवड्यांत दिसले.

त्याच पावसाळ्यात एका सकाळी आमच्या दारातल्या लिंबाला एक बैल बांधलेला दिसला. बालंक्या, दात झिजलेले, खांदा आलेला. कासरा अब्बांनी ओळखला. वीस वर्षांपूर्वीपासून जोड्या नेणाऱ्या घरचा होता. आम्ही फोन केला. पलीकडून बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आवाज आला, "चाचांकडंच बरा राहील. पैसे नकोत." अब्बांनी फोन घेतला. आता त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून ते मोठ्याने बोलतात. म्हणाले, "पाटील, फुकट घेत नाही मी. आणि तुम्ही ऐब सांगितला नाही. याला डाव्या डोळ्यानं दिसत नाही."

बैल अजून आमच्याकडेच आहे. कडब्याच्या पेंढ्या उदगीरहून आणाव्या लागतात.