अद्भुताचा तपास

शहरी अद्भुत हेरकथा दोन विरुद्ध ओढींवर उभी असते. हेरकथेला उलगडा हवा असतो, अद्भुतकथेला गूढ राखायचे असते. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये हेरकथेसाठी दहा नियम सांगितले; त्यांत अमानवी शक्तींना साफ मज्जाव होता.

मराठी वाचकाला या दोन ओढी वेगवेगळ्या वयांत भेटतात. वसई तालुक्यातल्या वालीव-गोखिवऱ्याच्या वाचकाला पहिली, हेरकथेची, तर तालुक्यातलीच. चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी अर्नाळ्याचे नाव लावून, 'बाबुराव अर्नाळकर' म्हणून, हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. शाळकरी वयात त्यांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांकडून हवा असतो तो वेग. शक्याशक्यतेचा हिशेब कोणी मागत नाही.

पुढे भयकथाकार नारायण धारप (१९२५–२००८) हाती लागतात. त्यांच्या कथांतले नायक समर्थ पीडिताची हकीकत ऐकतात, मूळ शोधतात आणि मगच सामना करतात. तपासाची ही शिस्त आणि ओळखीच्या घरात दबा धरलेली भीती, यांतच धारपांची मोहिनी आहे. दोषही तिथेच सापडतो. समर्थ दारात आले की वाचक निर्धास्त होतो. त्यांची शक्ती कुठवर चालते हे आधी ठाऊक नसल्याने शेवट तर्काने बांधता येत नाही. तो नुसता मान्य करावा लागतो.

प्रौढ झालेला वाचक मग जादूचेही नियम शोधतो. बेन आरोनोविच यांच्या 'रिव्हर्स ऑफ लंडन'मध्ये (२०११) जादू केली की जवळपासचे मोबाइल निकामी होतात. जादूला अशी किंमत असली की तीही पुराव्यासारखी तपासता येते. जिम बुचर यांच्या, 'स्टॉर्म फ्रंट'पासून (२०००) सुरू झालेल्या शिकागोतल्या मालिकेत मात्र या प्रकाराचे नेहमीचे दुखणे दिसते: नायकाचे बळ वाढत जाते, त्याला तोलामोलाचे शत्रू लागतात आणि गुन्ह्याचा तपास मागे पडून युद्धच उरते. स्त्रियांच्या वर्णनांतली नायकाची पुरुषी नजरही अनेकांना खटकली आहे.

शेवटची कसोटी जागेची. वालीवमध्ये कारखान्यांचे गाळे आहेत, अहमदाबाद हायवेची रहदारी आहे, पलीकडे तुंगारेश्वरचे जंगल आहे. रातपाळी सुटलेल्या कामगाराला गाळ्यामागे काही दिसले, तर ते जंगलातून आले की त्याच्याच गावाहून त्याच्या मागोमाग, हा इथला खरा तपास ठरेल. तीच कथा जराही न बदलता दुसऱ्या शहरात नेता आली, तर तिने वालीव नुसते पडद्यावर रंगवले असे समजावे.