काडतुसांचा छंद आणि रक्तातले शिसे

अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाच्याला जुन्या पद्धतीच्या रायफलींचा छंद आहे. अमेरिकी सैन्याने १८७३ साली स्वीकारलेल्या '४५-७०' काडतुसांसाठी तो गॅरेजमध्ये शिसे वितळवून गोळ्या ओततो. एकदा फोनवर म्हणाला, "मामा, पोट दुखतं, शौचाला साफ होत नाही, सारखी चिडचिड होते." मी त्याला रक्तातील शिशाची तपासणी करायला सांगितली. पातळी वाढलेली निघाली. पण मला जास्त काळजी होती त्याच्या दोन वर्षांच्या मुलीची.

अनेकांना वाटते, धोका फक्त वितळलेल्या शिशाच्या धुराचा. खरे तर धूळही तितकीच घातक. वितळलेल्या शिशावरची मळी काढताना ती उडते. वापरलेली पितळी टरफले साफ करताना प्रायमरमधल्या शिशाचीही उडते. हात, कपडे, बुटांवरून ती घरात येते. जमिनीवर खेळणारे मूल तोच हात तोंडात घालते. मुलांच्या आतड्यांतून शिसे मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषले जाते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी नाही.

रक्तातले शिसे हळूहळू उतरते. हाडांत साठलेले मात्र वर्षानुवर्षे राहते. म्हणून मुलीची तपासणी आधी, गोळ्या नंतर, असे मी बजावले.

आपल्याकडेही जाळ्यांसाठी शिसे ओतणारे, जुन्या बॅटऱ्या फोडणारे आहेत. हे काम घरात नको. कपडे वेगळे ठेवा, साबणाने हात धुवा, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. आणि डॉक्टरांना व्यवसायाबरोबर छंदही सांगा.