वांगे आणि फळांचा तक्ता

आमच्या गोडादऱ्याच्या शाळेत कपाटामागे गुंडाळून ठेवलेला एक तक्ता होता. वर-खाली लाकडी पट्ट्या, पाठीला कापड, आणि रंगीत चित्रांवर मथळा ‘फळांचे वर्गीकरण’. आम्ही पडलो मराठीचे एम. ए. कवितेचा अन्वयार्थ सांगण्यात आमची हयात गेली. एरवी या तक्त्याशी आमचा संबंध आला नसता. परंतु विज्ञानाच्या बाई आठवडाभर प्रशिक्षणास गेल्या आणि सातवीचा तास आमच्याकडे आला. रिकाम्या तासाला मुख्याध्यापकाने स्वतः वर्गावर जावे, हा आमचा जुना शिरस्ता.

आमच्या वर्गातील बहुतेक मुलांची मुळे खानदेशात आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडील माणसे मागावर, गिरणीत, हातगाडीवर पोट भरण्यासाठी सुरतेस आली आणि गोडादरा, लिंबायत, उधना या भागांत स्थिरावली. भुसावळजवळून वाहणारी तापीच पुढे सुरतेस येते. तिच्या काठाकाठाने जणू ही माणसेही आली. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि रस्त्यावर गुजराती, अशा तीन भाषांत आमची मुले वाढतात.

पहिल्या दिवशी आम्ही तक्ता फळ्याशेजारी टांगला आणि मुलांना सांगितले, “उद्या प्रत्येकाने घरून एक फळ आणावे.” दुसऱ्या दिवशी टेबलावर केळी, पेरू, बोरे, चिकू यांची रास पडली. तिसऱ्या बाकावरील एका मुलीने मात्र वर्तमानपत्रात गुंडाळलेले वांगे बाहेर काढले. वर्ग हसला. येथे कबूल केले पाहिजे की, आम्हीही हसलो.

“बाळ, फळ आणावयास सांगितले होते, भाजी नव्हे.”

“सर, आई म्हणते ही फळभाजी. पालेभाजी वेगळी.”

“फळभाजी म्हणजे शेवटी भाजीच!” आम्ही निकाल दिला. मुलीने वांगे पुन्हा कागदात गुंडाळले, दप्तरात ठेवले आणि तास संपेपर्यंत मान वर केली नाही. तिची आई गाडीवर भाजी विकते, हे आम्हांस ठाऊक होते. तरीही आम्ही पुढे गेलो.

सायंकाळी दुसऱ्या दिवसाच्या तयारीसाठी तो तक्ता नीट वाचावयास घेतला. माथ्यावरच्या लालबुंद सफरचंदापलीकडे आमची नजर तोवर गेली नव्हती. खालच्या ओळीत ‘मृदुफळे’ असे शीर्षक होते आणि त्याखाली द्राक्ष, टोमॅटो, मिरची आणि जांभळे, तुकतुकीत वांगे! फुलातील अंडाशय वाढून जे तयार होते आणि ज्याच्या पोटी बिया असतात, ते फळ. मग ते गोड असो वा तिखट, कच्चे खावे वा फोडणीस टाकावे. वनस्पतिशास्त्र चवीकडे पाहत नाही, ते उत्पत्तीकडे पाहते.

चूक विज्ञानातली असती तर मनाची समजूत घालता आली असती. पण ती आमच्याच विषयातली होती. समास शिकविताना आम्ही शेकडो शब्दांचे विग्रह केले. ‘फळभाजी’ म्हणजे फळ हीच भाजी, हा विग्रह मात्र आम्हांस सुचला नाही, आणि गाडीवर भाजी विकणाऱ्या बाईस तो न शिकता कळला होता. फळभाजी, पालेभाजी, शेंगभाजी हे आपल्या बायकांनी केलेले वर्गीकरणच नव्हे काय? झाडाचा कोणता भाग पानात वाढावयाचा, हे त्यांनी शब्दातच सांगून ठेवले आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही तिला वांगे मागितले. ती उभी राहून हळूच म्हणाली, “सर, त्याची भाजी झाली.” पुन्हा हशा पिकला, पण या खेपेस तीही थोडी हसली. आम्ही येताना एक वांगे विकत आणले होते. ते टेबलावर ठेवून आम्ही म्हणालो, “काल हिचे बरोबर होते आणि आमचे चुकले. तुम्ही हसलात, त्याचा दोषही आमचाच. कारण आधी आम्ही नीट वाचले नाही.” वर्ग शांत झाला. मुख्याध्यापकाचे चुकते, हे मुलांना नवे नसावे. तो ते बोलून दाखवितो, हे नवे असावे.

मग वांगे चिरले. देठापाशी जी हिरवी टोपी असते ती मूळ फुलाचीच; आतला गर आणि बिया मुलांनी बोटांनी चाचपून पाहिल्या. त्यानंतर प्रश्नांना खळ राहिला नाही. काकडी? फळ. भेंडी? फळ; पिकून वाळली की तडकते आणि बिया सांडते, कपाशीच्या बोंडासारखी. बटाटा? नाही, ते जमिनीतले खोड. भुईमुगाची शेंग? जमिनीत वाढते तरी फळच. फूल वर उमलते आणि त्याचा देठासारखा अंकुर मातीत शिरतो. उंधियूतील पापडी आणि वांगी ही फळे, रताळे मात्र मूळ. आणि ज्वारीचा दाणा? तोही एक संपूर्ण फळ; त्याचे साल बीला चिकटलेले असते इतकेच. “म्हणजे भाकरी फळाची!” मागल्या बाकावरून कोणी ओरडले.

सीताफळ एकाच फुलाच्या अनेक अंडाशयांचे, तर फणस असंख्य फुलांचा मिळून एक. त्याचा एकेक गरा म्हणजे एकेका फुलाचे फळ. काजूचे रसाळ बोंड हा फुगलेला देठ, खरे फळ खाली लोंबणारे. जायफळ नावाने फळ, पण प्रत्यक्षात बी. उंबराच्या पोटात तर शेकडो फुले दडलेली असतात. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. ते फूल दुर्मिळ नसून आत बसलेले आहे, हे आम्हांसही त्या दिवशी मुलांबरोबर नव्याने उमगले.

तास संपता संपता त्याच मुलीने विचारले, “सर, मग पेपरात वांगे काय लिहायचे?” प्रश्न साधा नव्हता. अमेरिकेत १८८३ च्या जकात कायद्याने परदेशी भाज्यांवर कर बसविला होता आणि फळे मोकळी होती. न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याने टोमॅटो फळ असल्याचे सांगून भरलेली जकात परत मागितली. १८९३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, वनस्पतिशास्त्राने टोमॅटो फळ असला तरी लोकव्यवहारात तो भाजीच. कारण तो जेवणात वाढतात, जेवणानंतर गोड म्हणून नव्हे. आम्ही मुलांना ही हकिकत सांगितली आणि म्हणालो, “विज्ञानाच्या पेपरात फळ लिहा, बाजारात भाजी म्हणा. मात्र कोण कोणत्या अर्थाने बोलतो आहे, हे ऐकून घेतल्यावाचून कोणाला चूक म्हणू नका.” हे वाक्य मुलांपेक्षा आमच्यासाठीच अधिक होते.

पुढे पालकसभेस तिची आई आली. आम्ही झाला प्रकार सांगून तिचीही क्षमा मागितली. ती पदर सावरीत म्हणाली, “त्यात काय सर! पण आता पोरगी गाडीवर गिऱ्हाइकाला सांगते, वांगं हे फळ आहे. अन् गिऱ्हाईक म्हणतं, मग फळाचा भाव सांगाल की काय!”

तक्ता आता कपाटामागे जात नाही. सफरचंदाच्या बाजूस मुलांनी आपापली चित्रे चिकटविली आहेत: ज्वारीचे कणीस, कपाशीचे बोंड, पापडी, उंबर. वांगे तेथे आधीपासूनच होते. पाहावयाचे राहिले होते ते आम्ही.