काही शंका?

चेंडू सरळ वर फेकला. सगळ्यात उंच जागी पोचला आणि क्षणभर थांबल्यासारखा वाटला. त्या क्षणी त्याचं त्वरण किती?

दर सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात मी हा प्रश्न विचारते. मिशिगन राज्यात, नोव्हायच्या माझ्या घरापासून वीस मिनिटांवर असलेल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवते. वर्गात अठरा वर्षांची मुलं असतात, तशीच मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात रात्रपाळी करून थेट तासाला येणारी चाळिशीतली माणसंही असतात. त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर, हे आधीच्या तासाला झालेलं असतं. ‘समजलं?’ हो. ‘काही शंका?’ सगळे गप्प.

मग मी प्रश्न पडद्यावर टाकते, खाली चार पर्याय. उत्तर प्रत्येकानं आपापल्या फोनवरून द्यायचं, नाव कुणाचंच दिसत नाही. पडद्यावर स्तंभ चढू लागतात आणि ‘शून्य’चा स्तंभ बाकीच्यांना मागे टाकतो. खरं उत्तर आहे 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेनं. वर जाताना, वर पोचल्यावर, खाली येताना, तेच. ‘हो’ म्हणणाऱ्यांतल्या बहुतेकांना ते समजलेलं नव्हतं, आणि ते मला त्या मिनिटाला कळतं, सहामाहीच्या पेपरात नाही.

माझ्या दृष्टीनं कॉलेजच्या वर्गातल्या डिजिटल तंत्राचं सगळं मोल या एका मिनिटात आहे. पडदे, स्लाइडी, ॲनिमेशन ही दाखवायची साधनं झाली, आणि दाखवणं आम्हा शिक्षकांना आधीपासून जमतंच. आम्हाला जमत नाही ते गप्प बसलेल्याचं ऐकणं. मी सांगलीत शिकले. ‘हो सर’ म्हणणाऱ्या बाकावर मीही बसायचे. या चेंडूचं त्वरण मला खऱ्या अर्थानं उमगलं ते एम.एस्सी.ला, आणि तोवर मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून ते कुणाला कळलंही नव्हतं.

हार्वर्डचे एरिक माझूर यांच्याही हेच लक्षात आलं होतं. अवघड गणितं सोडवणारी त्यांची मुलं साध्या संकल्पनेच्या प्रश्नावर अडखळत होती. 1991 पासून त्यांनी व्याख्यान मध्येच थांबवून प्रश्न टाकायला सुरुवात केली. साधारण तीस ते सत्तर टक्के उत्तरं बरोबर आली, की शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा मत द्यायचं. सुरुवातीला हे हात वर करूनही चालायचं. पण हात वर करण्याआधी मुलं हुशार मुलाकडे बघतात. फोनमुळे ते बघणं थांबलं. बरोबर उत्तरं तीस टक्क्यांच्या खाली गेली तर मी मुलांना वादात पडू देत नाही, फळ्याकडे वळते आणि नव्यानं शिकवते.

मी राहते ती जागा या बाबतीत भाग्याची. घराजवळचा आय-96 महामार्ग पश्चिमेला धरला, की तासाभरात ईस्ट लान्सिंग येतं. तिथल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात 1992 मध्ये ‘कापा’ ही प्रणाली सुरू झाली. गृहपाठात गणित सगळ्यांना तेच, आकडे मात्र प्रत्येकाला वेगळे. मित्राचं उत्तर उतरवून उपयोग नाही, त्याला रीतच विचारावी लागते. उत्तर चूक की बरोबर, हे लगेच कळतं आणि पुन्हा प्रयत्न करता येतो. दुसऱ्या बाजूला अर्ध्या तासावर ॲन आर्बर. तिथल्या विद्यापीठातले पेरी सॅमसन हे हवामानशास्त्रज्ञ, ‘वेदर अंडरग्राउंड’च्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी ‘लेक्चरटूल्स’ बनवलं. समोरची स्लाइड कळली नाही तर मुलानं हात वर न करता तशी खूण करायची. मला ही खूण फार आवडते. ‘मला कळलं नाही’ असं सांगायला जागा असते, आणि त्यासाठी धीर एकवटावा लागत नाही.

मुलांना हे सगळं नेहमी आवडतंच असं नाही. ‘तुम्हीच समजावून सांगा ना’, अशी विनवणी दर सत्राला होते. हार्वर्डमध्येच 2019 मध्ये हे तपासलं गेलं. वर्गात स्वतः झगडलेली मुलं जास्त शिकली होती, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. तो निष्कर्ष मी पहिल्याच तासाला मुलांना सांगते. 2014 मध्ये 225 अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सुमारे 34 टक्के होतं आणि मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत 22. माझ्या वर्गात नापास होणं म्हणजे फी वाया, रजा वाया, आणि बऱ्याचदा शिक्षणच बंद. ते बारा टक्के म्हणजे मला ओळखीचे चेहरे वाटतात.

शेजाऱ्याशी वाद घालून चेंडूच्या प्रश्नावर दुसऱ्यांदा मत दिलं, की आम्ही व्हरांड्यात जातो. एकजण चेंडू उडवतो, दुसरी फोनवर चित्रण करते. ते चित्रण ‘ट्रॅकर’मध्ये उघडायचं. कॅलिफोर्नियातल्या कॅब्रियो या आमच्यासारख्याच कम्युनिटी कॉलेजातल्या डग्लस ब्राउन यांनी ते बनवलं आणि सर्वांना फुकट दिलं. एकेका चौकटीत चेंडूवर टिचकी मारत जायचं. ठिपक्यामागे ठिपका पडतो आणि शेजारी वेगाचा आलेख उमटतो. एक तिरकी सरळ रेघ, वरून खाली उतरणारी. ती शून्याची रेषा ओलांडते, पण ओलांडताना वाकत नाही, थबकत नाही. मुलं तिथे बोट ठेवून बघत राहतात. वेग शून्य झाला, पण त्याचं बदलणं चालूच राहिलं. हे त्यांनी स्वतःच्या चेंडूवर पाहिलेलं असतं.

मार्च 2020 मध्ये कोविडमुळे वर्ग ऑनलाइन गेले, त्यानंतरच्या महिन्यांत यातलं काहीच नीट झालं नाही. नावांचे काळे चौकोन, आणि घरी इंटरनेट नाही म्हणून कॉलेजच्या वाहनतळावर गाडीत बसून परीक्षा देणारी मुलं. अजून आठवलं की वाईट वाटतं.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं आणि ‘कापा’ची आकडे बदलण्याची युक्ती संपली. आकडे कुठलेही द्या, ते पायऱ्यांसकट उत्तर लिहून देतं. गृहपाठाला अर्थ उरावा म्हणून काय करावं, ते मला रविवारच्या मराठी शाळेत सुचलं. तिथली मुलं वर्गात ‘ळ’ म्हणायला लाजत. ‘काकू, मला नाही येत,’ म्हणत. घरून फोनवर बोलून पाठवा म्हटल्यावर केळी, फळा, बाळ असे दहा-दहा शब्द येऊ लागले. आता कॉलेजातही निम्मा गृहपाठ तसाच. घरातल्या कुणाला तरी एक कल्पना समजावून सांगायची आणि दोन मिनिटांचा आवाज पाठवायचा. मागे भांड्यांचा आवाज असतो, तान्ही बाळं असतात. यंत्राकडून लिहून घेतलेलं कुणी वाचलंच, तर समोरचा ‘म्हणजे काय?’ विचारतो आणि पुढे स्वतःचेच शब्द लागतात.

गेल्या हिवाळ्यात दाराजवळ, अंगातला कोट न काढता बसणारा एक रात्रपाळीवाला होता. सत्रभर माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. त्याचं ध्वनिमुद्रण गाडीतलं होतं. हीटरची घरघर, वायपरची लय, आणि शेजारी त्याची मुलगी. त्यानं हातमोजा वर उडवला असावा.

‘वर असताना किती?’ त्यानं विचारलं.

‘शून्य.’

‘मलाही तसंच वाटलं होतं. पण समज, तिथे वेगही शून्य आहे आणि त्याचं बदलणंही थांबलं. मग?’

बराच वेळ नुसता वायपर ऐकू येत राहिला.

‘मग मोजा खाली येणारच नाही,’ ती म्हणाली. ‘बाबा, परत टाक ना.’