एक दमा, दोन माणसं

आमच्या गोव्यात धाप लागणाऱ्या प्रत्येक माणसावर एकच शिक्का बसतो, ‘दमो’. नाव एक म्हणजे औषधही एक, असं आपण गृहीत धरतो. मग शेजारणीचा पंप ओढून बघतो, आपला पाहुण्याला देतो. पडशावरच्या काढ्यासारखा पंप घरोघर फिरतो!

माझी थोरली मावशी आणि तिचे दीर (आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो) सत्तरी तालुक्यात एकाच घरात राहतात. दोघांनीही पंचाहत्तरी ओलांडलीय. दोघांचा आजारही एकच, सीओपीडी. म्हणजे श्वासनलिका हळूहळू कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट विकार. दम्यात आकसलेल्या नळ्या बहुधा पुन्हा मोकळ्या होतात, इथे गेलेलं पुरतं परत येत नाही.

दादांनी चाळीस वर्षं विड्या ओढल्या. मावशीने विडी कधी हातात धरली नाही. तिने ओढला तो चुलीचा धूर. उकड्या तांदळाचं मडकं, न्हाणीतली भाण, पावसातली ओली लाकडं आणि फुंकणी... धूम्रपान न करणाऱ्यांनाही हा आजार होतो आणि त्यात चुलीच्या धुराचा मोठा वाटा आहे, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये सविस्तर मांडलं होतं.

तरी दोघांना लिहून मिळाला होता तो पंप एकच, नळ्या सैल करणारं औषध आणि सोबत स्टेरॉइड. दादांना तो मानवला. मावशीला मात्र दोन पावसाळ्यांत दोनदा न्यूमोनिया झाला. दुसऱ्या खेपेला ती वाचते की नाही, अशी वेळ आली.

त्यानंतर एका डॉक्टरांनी सगळं पहिल्यापासून बघायला घेतलं. फुंकायची तपासणी केली, रक्ताचा साधा रिपोर्ट मागवला आणि विचारलं, “बाय, पूर्वी कधी क्षय झाला होता?” झाला होता, लग्नाआधी. इतक्या वर्षांत ते कुणी विचारलंच नव्हतं.

रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. एका मायक्रोलिटरमध्ये त्या ३०० किंवा जास्त असल्या आणि आजार वारंवार उसळत असला, तर पंपातलं स्टेरॉइड उपयोगी पडण्याची शक्यता मोठी. १००च्या खाली असल्या तर फायदा थोडका, न्यूमोनियाचा धोका मात्र राहतोच. जुना क्षय आणि वारंवार होणारा न्यूमोनिया हेही स्टेरॉइडच्या विरुद्ध पारड्यात पडतात. ‘गोल्ड’ या जागतिक मार्गदर्शिकेत पेशींचा हा हिशेब २०१९ साली आला. अर्थात आपल्याकडे जंतांमुळेही हा आकडा चढतो, म्हणून नुसत्या आकड्यावर जायचं नसतं.

दादांचा आकडा चारशेच्या वर, मावशीचा शंभराच्या आत. दादांचं स्टेरॉइड चालू राहिलं, मावशीचं बंद झालं. तिला नळ्या सैल करणारी दोन औषधं मिळाली. पंपही बदलला. पावडरीचा पंप जोरात ओढावा लागतो, तेवढा जोर तिच्यात नाही. फवाऱ्याचा दाबायला संधिवाताने आखडलेली बोटं साथ देत नाहीत. म्हणून फवारा स्पेसरच्या नळकांड्याला जोडून दिला. तो दाबते सून, आणि मावशी सावकाश श्वास घेते.

मग डॉक्टरांनी विचारलं, “घरात चूल पेटते?” मावशी म्हणाली, “गॅस आहे हो!” सून हळूच म्हणाली, “भाण आणि उकडे अजून लाकडावरच.” आता न्हाणीत हीटर बसलाय आणि उकडे दुकानातून येतात. मावशी अजून रुसून आहे. दुकानच्या तांदळाला वास नाही म्हणते. तिच्या उपचारातलं सगळ्यांत कडू औषध हेच! दादांसाठी तेच औषध म्हणजे विडी सोडणं. तीही सुटली, कुरकुरत का होईना.

२०२४ साली युरोप-अमेरिकेत ड्युपिलुमॅब नावाच्या इंजेक्शनला या आजारासाठी मान्यता मिळाली, तीही इओसिनोफिल वाढलेल्या रुग्णांपुरतीच. माणूस बघून औषध, ही वाट आता तिथवर पोचलीय. पण तिची सुरुवात महागड्या सुईपासून होत नाही. जुना क्षय, आखडलेली बोटं, न्हाणीतली चूल, एवढं विचारलं तरी बरंच साधतं. आमच्या मावशीला त्यानंतरचा पावसाळा रुग्णालयाविना गेला.

तुमच्या घरात कुणी धापत असेल, तर पुढच्या वेळी हे सारं डॉक्टरांना न विचारता सांगा. पंप त्यांच्यासमोर ओढून दाखवा. चालू असलेलं स्टेरॉइड मात्र हे वाचून आपल्या मनाने बंद करू नका, आणि दुसऱ्याचा पंप तोंडाला लावू नका.